गरुडिणीची ओटी

गरुडाचं घरटं कसं शोधायचं हे मला खात्याने शिकवलं नाही. ते शिकवलं माझ्या सासूबाईंनी, आणि त्यांनी तोवर मान वर करून एकही पक्षी धड पाहिलेला नव्हता. त्यांनी पाहिली होती ती स्थळं. नणंदा, पुतण्या, भाच्या, शिवाय शेजारपाजारच्या कितीतरी मुली त्यांनी उजवल्या होत्या. कोणत्या घरात मुलगी सुखाने नांदेल हे त्या उंबऱ्याबाहेर चपला काढतानाच ओळखायच्या. या विद्येचा जंगलात काही उपयोग होईल असं त्यांना वाटलं नव्हतं, आणि मला तर नव्हतंच नव्हतं.

मी बुऱ्हाणपूरच्या लोधीपुऱ्यातल्या मास्तरांच्या घरातली. माहेरी सगळे मास्तर, नवराही मास्तर मिळाला. मी मात्र जंगलखात्याची परीक्षा दिली, नाकेदार झाले आणि निवृत्तीपर्यंत त्याच खात्यात राहिले. नाकेदार म्हणजे जंगलाच्या एका तुकड्याची राखणदार. चोरून झाड तोडलं, वणवा लागला, कोणाची गाय बिबट्याने नेली, की पहिला निरोप नाकेदाराला. साहेब लोक जीपमधून येतात, सही करतात, चहा पिऊन जातात. नाकेदार पायी येतो आणि तिथेच राहतो. खाकी साडीपेक्षा खाकी पँट चालायला बरी, हे घरच्यांना पटवण्यातच माझी पहिली दोनेक वर्षं गेली.

लोकांना वाटतं मला वाघाचेच फोन येत असतील. मला सगळ्यात जास्त फोन आले ते गरुडाचे. त्यातले बहुतेक घारीच निघायचे. एकदा बुऱ्हाणपूरच्या एका केळीच्या व्यापाऱ्याचा फोन आला, "मॅडम, गोदामात गरुडाचं पिल्लू निकलं. इतक्या गुश्श्याने पाहते का विचारू नका." जाऊन पाहते तर माळ्यावर गव्हाणी घुबडाची तीन पिल्लं, पोळपाटासारखी सपाट पांढरी तोंडं करून डोलत होती. शेठजींचा चेहरा पडला. गरुड म्हणून त्यांनी अर्ध्या बाजाराला सांगून ठेवलं होतं. मी म्हटलं, ही मोठी होईपर्यंत गोदामात उंदीर दिसला तर मला सांगा. पुढे दर वर्षी त्यांचा फोन यायचा, "मॅडम, पाव्हणे आले." कोणी बघायला आलं की ते आता स्वतःच दम देत, वर बॅटरी मारू नका म्हणून.

तर पक्ष्यांचं असं असतं. प्रत्येकाची घराची आवड ठरलेली. शिक्र्याला गावाच्या कडेचा आंबा चालतो, खाली पोरं खेळत असली तरी त्याचं काही जात नाही. रानपिंगळ्याला बांधकामाचा कंटाळा, तो झाडाची आयती ढोली बघतो. आणि जंगलातला तुरेवाला सर्पगरुड, ज्याच्याबद्दल मी हे लिहायला बसले आहे, तो सगळ्यात चोखंदळ. वर्षाला एकच अंडं, त्यामुळे सगळा जीव त्या एका घरावर.

माझ्या बीटमध्ये, म्हणजे माझ्या वाटच्या तुकड्यात, जामनाला म्हणून एक ओढा होता. भर उन्हाळ्यातही त्याच्या डोहात पाणी टिकायचं. काठावर जांभूळ, अर्जुन, करंज, उंबर. त्या नाल्यावर सर्पगरुडाची एक जोडी होती. सकाळी ऊन तापलं की दोघं वर गिरक्या घेत आणि लांब शीळ घालत. नोकरीत माझे वाईट दिवसही गेले, नाही असं नाही, पण ती शीळ ऐकली की माझं मन जागेवर यायचं. ती जोडी माझी आहे असंच मी धरून चालले होते.

एका फाल्गुनात नवीन रेंजरसाहेब कागद घेऊन आले. जामनाल्यावर पाणी अडवायला छोटा बंधारा मंजूर झाला होता. इकडे त्याला स्टॉपडॅम म्हणतात. चांगलीच गोष्ट होती, पण जागा धरली होती नेमकी डोहापाशी, आणि यंत्र उतरवायला काठावरची झाडं काढावी लागणार होती. मी म्हटलं, साहेब, इथे गरुडाचं घर आहे. साहेब ग्वाल्हेरकडचे, वयाने तरुण, पण माणूस सरळ. ते म्हणाले, "मंगलाजी, ख़ाली पड़ा घोंसला मत दिखाइए. पुराने घोंसले तो हर जंगल में हैं. बैठी हुई चिड़िया दिखाइए, मैं जगह ऊपर सरकवा दूँगा." चैत्र संपायच्या आत ते स्वतः येऊन बघणार होते. म्हणजे पक्षी घरट्यावर बसलेला दिसला तर नाला वाचणार, नाहीतर वैशाखात यंत्र येणार.

मला वाटलं, त्यात काय एवढं! आणि मी शोधायला लागले ती चुकीच्या झाडांवर. त्याला कारण होतं. आम्हाला झाड पारखायचं शिकवतात ते लाकडाच्या हिशेबाने. सरळ, उंच, वेलीवाचून वाढलेलं ते चांगलं झाड. वाकडं, दुबेळकं, वेलींनी गुरफटलेलं ते वाईट. इतकी वर्षं ही नजर मुरल्यावर राजा पक्षी म्हटला की राजबिंडं झाड, असंच मला वाटत होतं. उंच उंच सागवानांची टोकं बघून माझी मान दुखायला लागली आणि हाती काहीच लागेना.

त्याच दिवसांत सासूबाई माझ्या जंगलातल्या चौकीवर राहायला आल्या होत्या. आमचे सासरे इच्छापूरला केळीच्या बागेत रमलेले, माझ्या नवऱ्याच्या शाळेच्या परीक्षा चालू, आणि सून जंगलात एकटी राहते हे सासूबाईंना कधीच आवडलं नव्हतं. पापड लाटून झाले, शेवया झाल्या, मग त्यांना करमेना. एक दिवस म्हणाल्या, "काय वं मंगला, रोज उठून कुठं जाऊ राह्यली तू वरती पाहत पाहत? चल, मीही येते."

मी त्यांना सगळं सांगितलं. बंधारा, साहेबांची अट, गरुडाचं एकच अंडं. एकच, हे ऐकून त्या थबकल्या. मग पदर खोचून माझ्या मागे निघाल्या. मी एक सरळसोट सागवान दाखवलं. त्यांनी वर पाहिलं आणि नाक मुरडलं.

"इथं कोण लेक देईन? डोक्यावर पान नाही. बाळंतिणीला काय उन्हात बसवता का?"

मी जागच्या जागी उभी राहिले. सागवान फाल्गुनात पानं टाकून उघडं होतं, हे मला काय माहीत नव्हतं? रोज त्याच पानांवरून करकरत चालत होते. पण गरुड अंडं घालतो तेही याच दिवसांत, आणि त्याला सावली लागते, ही दोन टोकं मी जोडलीच नव्हती.

मग सासूबाई पुढे आणि मी मागे. झाडागणिक त्यांचा शेरा ठरलेला. काठावरचा पहिला उंबर बाद, कारण "वानेर येतात फळं खायाला, रोजचा पाव्हणा कोण सांभाळीन." पायवाटेवरचं जांभूळ बाद, कारण "रस्त्यावरचं घर, येता-जाता लोक डोकावतात." सगळ्यात उंच अर्जुनही नापास. "मोठं घर पाहिजे, पण गावात सगळ्यात मोठं नको. नजर लागते." मी हसत होते खरी, पण मनात एकेक गोष्ट बसत होती. पाणी जवळ हवं, कारण बेडूक आणि साप पाण्याशी. वहिवाट नको. पानांचं छप्पर हवं. आणि एक गोष्ट त्यांनी शेवटी सांगितली, ती तर मला कधीच सुचली नसती. "समोरून झाकलेलं पाहिजे, पण मागून निघायला वाट पाहिजे. लेकीच्या जातीला निघायला वाट पाहिजेच." गरुड मोठा पक्षी, पंख पसरायला त्याला एका बाजूने मोकळी हवा लागते.

नाल्याच्या वळणावर एक अर्जुन होता, वाकडा, दोन खोडांत फुटलेला. ज्या वेलीच्या पानांच्या पत्रावळ्या करतात त्या माहुलाने तो पार शेंड्यापर्यंत गुरफटलेला होता. मागे नाल्याची मोकळी पोकळी. खात्याच्या नजरेने इतकं वाईट झाड त्या काठावर दुसरं नव्हतं. सासूबाई थांबल्या. "हं. इथं द्यावी."

आम्ही पलीकडच्या उतारावर जाऊन झुडपात बसलो. बराच वेळ काही नाही. मग नर आला. त्याच्या चोचीतून सापाची शेपटी दोरीसारखी लोंबत होती. तो अर्जुनाला वळसा घालून मागच्या वाटेने आत शिरला, आणि वेलीच्या पानांत एक तुऱ्याचं डोकं वर झालं. पिवळे डोळे, चोचीच्या मुळाशी पिवळी कातडी. ती बसली होती! मी सासूबाईंचा हात इतका दाबला की त्यांची बांगडी पिचली. त्यांचं तिकडे लक्षच नव्हतं. त्या माझ्या हातून घेतलेली दुर्बीण सोडायला तयार नव्हत्या. "मायबाई," त्या हळूच म्हणाल्या, "नवरा जेवण घेऊन आला वं हिला."

परतताना मी त्यांना सांगितलं की यांच्यात बाई आकाराने पुरुषाहून मोठी असते, अंडं बहुतेक तीच उबवते आणि तोवर नर तिला आणून घालतो. रात्रीच्या भाकऱ्या थापताना सासूबाई एकदम म्हणाल्या, "चांगली पद्धत आहे."

मी साहेबांना फोन केला. ते प्रशिक्षणाला गेले होते, आठवड्याने येणार होते. मी निवांत झाले. इथेच माझं चुकलं असं म्हणणार नाही, कारण पुढे जे झालं ते खात्याच्या कोणत्याही नियमपुस्तकाला सुचलं नसतं.

मी वणवा अडवायच्या जाळरेषेवर गेलेली असताना सासूबाईंनी पेटी उघडली. त्यात त्यांचा एक हिरवा खण होता. त्यांनी तो घेतला, नारळ घेतला, गहू, हळदकुंकू, सुपारी घेतली, आणि चौकीजवळच्या आदिवासी पाड्यातल्या गुंताबाईला सोबत घेऊन थेट अर्जुनापाशी गेल्या. आमच्याकडे दिवस गेलेल्या लेकीसुनेची ओटी भरतात. ही पोर दुसऱ्याच्या नाल्यावर बसलेली, हिला माहेर नाही, हिची ओटी कोण भरणार? असा त्यांचा साधा हिशेब. खोडाला हळदकुंकू लावून, खण बांधून, ओटी मुळाशी ठेवून त्या नमस्कार करून आल्या. त्या वेळी गरुडीण हललीसुद्धा नाही, हे त्यांनी मला नंतर दहा वेळा सांगितलं.

चैत्रातले देवीचे दिवस. इच्छापूरच्या देवीकडे माणसांची रीघ लागलेली, ज्याच्या त्याच्या डोक्यात देवी. गुंताबाईने घरी जाऊन सांगितलं, मोठ्या बाईंनी कोह्याची ओटी भरली. कोहा म्हणजे अर्जुनच. दुसऱ्या दिवशी पाड्यातल्या बायका नारळ घेऊन आल्या. तिसऱ्या दिवशी शेजारच्या गावातून ट्रॅक्टर आला. मला कळलं ते ढोलकीच्या आवाजाने.

मी धावत गेले. झाडाखाली पन्नासेक माणसं, उदबत्त्यांचा धूर वर वेलीत चढतोय, कोणी घंटा बांधलेली. आणि गरुडीण घरट्यात नव्हती. ती वर आकाशात गिरक्या घेत ओरडत होती. ती शीळ मी इतकी वर्षं ऐकली होती, पण तशी कधी ऐकली नव्हती. मी शिट्टी वाजवली, वर्दीचा दम दिला. एक जण शांतपणे म्हणाला, "मॅडम, देवी के दर्शन को भी खात्याची परमिशन लगती का?" कोणी हलेना. आरती सुरू झाली.

मागून सासूबाई आल्या. मी वळून त्यांच्यावर ओरडले. सुनेने सासूवर ओरडू नये तशी ओरडले, सगळ्यांसमोर. "आई, तुम्ही मारलं तिचं पोर! एकच होतं!"

त्यांचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी वर पाहिलं, ओरडणाऱ्या पक्ष्याकडे. मग पदर डोक्यावर घेतला आणि गर्दीत शिरून ढोलकीवाल्याच्या ढोलकीवर सपाट हात ठेवला.

"ही देवी नाही," त्या म्हणाल्या. "ओटी मी भरली. कोणाची भरली? अडल्या-नडल्या बाईची. ती वरती बाळंतपणाला बसलेली आहे. काय वं गुंता, तुमच्यात सून बाळंत होते तं दारात ढोल वाजवतात का?"

गुंताबाई म्हणाली, "नही माय."

"खोलीत धूर करतात, तो शेक-शेगडीचा. उदबत्त्यांचा करतात का? परका पुरुष आत जातो का?"

हे ऐकल्याबरोबर पुरुष आधी मागे सरकले. मघाचा परमिशनवाला तर नाल्याच्या पलीकडेच गेला. बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. एकीने पुढे होऊन घंटा सोडली आणि आवाज होऊ नये म्हणून लोलक मुठीत धरला.

"मग नारळाचं काय?" कोणीतरी विचारलं.

"इथं नाही फोडायचे. तिकडे वळणाच्या अलीकडे दगड आहे, त्यावर ठेवा. पोर उडालं की सगळे मिळून फोडू. तोवर इकडे कोणी फिरकायचं नाही, अन् बोलायचं ते हळू. सोयर आहे." सोयर म्हणजे मूल जन्मल्यावर पाळायचा विटाळ. जंगलखात्याचा बंदी हुकूम मी पुष्कळदा बजावला आहे, पण असा जागेवर पाळलेला कधी पाहिला नाही.

थोड्या वेळात तिथे कोणी राहिलं नाही. आम्ही दोघी पलीकडच्या उतारावर जाऊन बसलो. ऊन मी म्हणत होतं. पक्षी वर होता आणि अंडं खाली. सासूबाईंनी पाण्याचा घोटही घेतला नाही. मला त्यांच्याकडे बघवेना, आणि मी बोललेलं परतही घेववेना. मी दुर्बिणीतून घरट्याकडे बघत राहिले. भर दुपार होती, आणि त्या दुपारीच मला त्या झाडाची खरी किंमत कळली. सगळा उतार भाजत होता, सागवानाच्या फांद्यांकडे बघवत नव्हतं, पण माहुलाची मोठी पानं घरट्यावर छपरासारखी पसरलेली होती आणि आत उन्हाचा कवडसाही पडत नव्हता. उघड्या झाडावर असतं तर अंडं तासाभरात शिजलं असतं. मी सासूबाईंना म्हटलं, "आई, सावलीत आहे. अजून आशा आहे."

त्या म्हणाल्या, "स्थळ चांगलं निवडलं पोरीने."

ऊन कलायला लागलं तेव्हा ती उतरली. आधी दूरच्या सागवानावर, मग जवळच्या जांभळावर. कितीतरी वेळ तिथे मान वळवत बसली. मग मागच्या वाटेने आत गेली. पानं हलली, तुरा दिसला, आणि ती अंग फुलवून खाली बसली. मी रडले. सासूबाई माझ्या आधीपासून रडत होत्या, ते मला नंतर कळलं.

साहेब आले. आम्ही त्यांना उतारावर नेलं, आणि बोलायला तोंड उघडताच सासूबाईंनी त्यांना ओठांवर बोट ठेवून गप्प केलं. त्यांनी दुर्बिणीतून बघितलं, पुष्कळ वेळ बघितलं. परत येताना वळणावरच्या दगडावर नारळांची रास दिसली तेव्हा मला विचारलं, हे काय? मी म्हटलं, आपली चौकी आहे साहेब, फुकट काम करणारी. बंधारा वरच्या अंगाला खडकाळ जागी बांधला गेला. साहेबांनी शब्द पाळला. आजही त्यात पाणी असतं.

पण बायकांना बंधाऱ्याशी देणंघेणं नव्हतं. त्यांनी सोयर धरलं होतं. सासूबाईंना वाटलं होतं सव्वा महिन्यात आटपेल. मी सांगितलं, अंड्यालाच तेवढे दिवस, पुढे पिल्लू उडायला आणखी दोनेक महिने. त्या म्हणाल्या, "मोठ्या घरचं बाळंतपण, वेळ लागणारच." आणि त्या इच्छापूरला परत गेल्याच नाहीत. सासऱ्यांनी फोनवर विचारलं, माझं जेवण कोण बनवणार? सासूबाई म्हणाल्या, "तो गरुड बायकोला आणून घालते, तुम्हाला स्वतःचं बनवता येत नाही का?" पाड्यातल्या बायका वळण आलं की गुरांच्या घंटा गवताने बांधायच्या. वैशाखात पिल्लू बाहेर आलं, पांढरं, कापसासारखं, आणि बातमी कुजबुजतच घरोघरी गेली. तिथल्या पोरांनासुद्धा नाल्याजवळ हळू बोलायची सवय लागली होती.

पिल्लू उडालं तो दिवस मला नाही दिसला, सासूबाईंना दिसला. फांदीवरून पडतंय असं वाटलं आणि मग पंख उघडले, असं त्या सांगतात. दुसऱ्या दिवशी आम्ही सगळ्यांना निरोप पाठवला. बायका नव्या साड्या नेसून आल्या, दगडावरचे नारळ उचलले आणि अर्जुनाखाली गोळा झाल्या. कोणीच बोलेना. सगळ्या वर रिकाम्या घरट्याकडे बघत, एकमेकींच्या कानात कुजबुजत उभ्या. गुंताबाईने नारळ उचलला, दगडाजवळ नेला आणि हळूच, अगदी हळूच टेकवला. आपटायला तिचा हात होईना.

सासूबाईंनी सगळ्यांकडे पाहिलं. "अवं बोला आता," त्या म्हणाल्या. त्याही कुजबुजतच म्हणाल्या, आणि त्यांच्याच ते ध्यानात आलं. त्यांना हसू फुटलं. मग मोठ्याने, अख्ख्या नाल्याला ऐकू जाईल असं ओरडल्या, "बोला वं बायांनो! सुटली ती!"

आधी एक हसली, मग दुसरी, मग सगळ्याच. नारळ फटाफट फुटायला लागले. एवढा गलका त्या नाल्यावर कधी झाला नसेल. आणि त्या सगळ्या गलक्याच्या वरून, उन्हातून, लांब शीळ आली. दोन मोठ्या आवाजांची, आणि त्यामागे एक कच्ची, मधेच फाटणारी. बायका गप्प झाल्या नाहीत. हात वर करून त्यांनीही शीळ घातली.